आयडलची थरथर पुन्हा पुन्हा येते: इंजिनात परफॉर्मन्स कॅमशाफ्ट आहे की बिघाड, हे कसे ठरवावे

वापरलेली गाडी घेतल्यावर थोड्याच दिवसांत एक तक्रार हमखास ऐकू येते. गाडी उभी असताना, म्हणजे आयडलला, इंजिन थरथरते, आरपीएमचा काटा एका जागी ठरत नाही, कमी आरपीएमवर गाडी मरगळलेली वाटते आणि आरपीएम वाढला की मात्र चांगली खेचते. मग स्पार्क प्लग बदलले जातात, थ्रॉटल बॉडी साफ होते, इंजेक्टर धुतले जातात, एखादी इग्निशन कॉइलही नवी बसते. प्रत्येक वेळी दोन-चार दिवस सुधारल्यासारखे वाटते आणि थरथर परत येते. या सगळ्या खटाटोपात एक मूळ प्रश्न विचारायचा राहून जातो: हे इंजिन कारखान्यातून ज्या कॅमशाफ्टसह (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या-मिटणाऱ्या दांड्यांसह) बाहेर पडले, तेच कॅमशाफ्ट आजही आत आहेत का?

हा प्रश्न दोन्ही बाजूंनी फसवतो. आत खरोखर परफॉर्मन्स कॅम, म्हणजे वरच्या आरपीएमवर ताकद वाढवण्यासाठी नंतर बसवलेला कॅमशाफ्ट, असेल आणि आपण त्याची थरथर बिघाड समजून सुटे भाग बदलत राहिलो, तर पैसे आणि वेळ वाया जातो. उलट, विकणाऱ्याने सांगितले म्हणून आपण थरथरीला ‘कॅमचा आवाज’ मानले आणि प्रत्यक्षात पिस्टनने फिरणारा क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट यांना जोडणारा टायमिंग बेल्ट एका दाताने सरकलेला असेल, तर नुकसान फार मोठे होऊ शकते. कारण ज्या इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचे मार्ग एकमेकांना छेदतात, त्यांत बेल्ट आणखी एक-दोन दात सरकला की व्हॉल्व्ह वाकू शकतात. म्हणून कानाने फक्त शंका घ्यावी आणि निर्णय मोजमापावर सोडावा, असे माझे ठाम मत आहे. पुढील क्रम त्याच हेतूने मांडला आहे.

कॅम बदलल्याने नेमके काय बदलते

कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो. त्याच्यावरील प्रत्येक लोबचा (अंड्याच्या आकाराच्या उंचवट्याचा) गोल भाग, म्हणजे बेस सर्कल, व्हॉल्व्हला बंद राहू देतो आणि पुढे आलेला भाग त्याला उघडतो. व्हॉल्व्ह किती उघडतो याला लिफ्ट म्हणतात व तो क्रँकच्या किती अंशांपर्यंत उघडा राहतो याला ड्युरेशन म्हणतात. इंटेक आणि एक्झॉस्ट लोबच्या शिखरांमधील कोन हा तिसरा महत्त्वाचा आकडा असून तो कॅमच्या अंशांत मोजतात. परफॉर्मन्स कॅममध्ये बहुतेक वेळा लिफ्ट आणि ड्युरेशन दोन्ही वाढवलेले असतात, त्यामुळे एक्झॉस्ट स्ट्रोकच्या अखेरीस दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी थोडे उघडे राहण्याचा काळ, म्हणजेच ओव्हरलॅप, वाढतो.

थरथर या ओव्हरलॅपमधून येते. आयडलला थ्रॉटल जवळजवळ बंद असल्याने इंटेक मॅनिफोल्डमधील दाब वातावरणापेक्षा बराच कमी असतो. ओव्हरलॅपच्या काळात एक्झॉस्टमधील जळालेला वायू या कमी दाबाकडे उलटा ओढला जातो, ताज्या मिश्रणात मिसळतो आणि पुढचे ज्वलन कमकुवत किंवा अर्धवट होते. अर्धवट ज्वलनानंतर मागे उरलेल्या वायूत न जळलेले मिश्रण जास्त असते, त्यामुळे त्याच सिलिंडरचे पुढचे ज्वलन जोरदार होते. नंतर पुन्हा एखादे कमकुवत. हा कमी-अधिक जोर सर्व सिलिंडरांत आलटून पालटून फिरत राहतो आणि आपल्याला ती ओळखीची धडधड ऐकू येते. आरपीएम वाढला की उलट ओढले जाण्यास वेळच उरत नाही आणि इंजिन गुळगुळीत चालू लागते. मिसफायरची, म्हणजे एखाद्या सिलिंडरात ज्वलन चुकल्याची, थरथर आणि कॅमची थरथर यांतील मुख्य फरक इथेच आहे: बिघडलेला सिलिंडर नेहमी तोच असतो, कॅममुळे कमकुवत पडणारा सिलिंडर मात्र सतत बदलत राहतो. स्कॅनरवर सिलिंडरनिहाय मिसफायर मोजता येत असतील, तर दहा मिनिटे इंजिन आयडलवर ठेवून आकडे पाहावेत. एकाच सिलिंडरच्या नावावर सगळे जमा होत असतील तर कॅमचा विचार तूर्त बाजूला ठेवावा.

एक गोष्ट उलटी बाजू म्हणूनही लक्षात असू द्यावी. सौम्य परफॉर्मन्स कॅम, विशेषतः ज्यांत लोबच्या शिखरांमधील कोन मोठा ठेवून ओव्हरलॅप मर्यादित केलेला असतो, ते आयडलला जवळजवळ कंपनीच्या कॅमसारखेच शांत असतात. म्हणून आयडल गुळगुळीत आहे एवढ्यावरून कॅम मूळचाच आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही.

टॅपेट कव्हर न उघडता करायच्या तपासण्या

टॅपेट कव्हर म्हणजे कॅमशाफ्टवरचे झाकण. ते उघडण्याआधी सुरुवात व्हॅक्यूम गेजने करावी. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, एसी आणि इतर भार बंद ठेवून, थ्रॉटलच्या पुढे मॅनिफोल्डवर असलेल्या जोडणीला गेज लावावा. समुद्रसपाटीजवळ, सर्वसाधारण पेट्रोल इंजिन निरोगी असेल तर आयडलला १७ ते २१ इंच पाऱ्याइतका, म्हणजे साधारण ४३० ते ५३० मिलिमीटर, व्हॅक्यूम दाखवते. ठळक ओव्हरलॅप असलेल्या कॅममध्ये हा आकडा १० ते १५ इंचांपर्यंत उतरलेला दिसतो आणि काटा एका छोट्या पट्ट्यात थरथरत राहतो. उंचावरच्या ठिकाणी दर ३०० मीटरला सुमारे १ इंच वजा धरावा लागतो. ही वजाबाकी विसरल्यामुळे चांगल्या इंजिनांवर संशय घेतला गेल्याचे मी पाहिले आहे. गेज नसेल तर स्कॅनरवरील मॅनिफोल्ड दाबाचा आकडा चालतो. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये ३० ते ४० किलोपास्कल दिसणे हे मूळ कॅमचे, तर ५० ते ६० दिसणे हे शंकेचे लक्षण. काटा ठरावीक अंतराने झटक्यात खाली पडत असेल तर तो एखाद्या जळलेल्या किंवा नीट न बसणाऱ्या व्हॉल्व्हकडे बोट दाखवतो, कॅमकडे नव्हे.

कमी व्हॅक्यूम ही केवळ शंका आहे, कारण तोच आकडा देणारे दोष अनेक आहेत. मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून किंवा फाटलेल्या होजमधून हवेची गळती, उघडा अडकलेला ईजीआर (जळालेला वायू परत इंटेकमध्ये सोडणारा) व्हॉल्व्ह, मागे सरकलेले इग्निशन टायमिंग, तुंबलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि सरकलेला टायमिंग बेल्ट किंवा ताणलेली चेन हे सगळे व्हॅक्यूम खाली आणतात. गळतीसाठी स्मोक टेस्ट करावी, म्हणजे आत धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते पाहावे. ज्वलनशील द्रव फवारून गळती शोधण्याची जुनी पद्धत गरम इंजिनावर धोकादायक आहे आणि तिची आता गरजही नाही. कन्व्हर्टर तुंबला असेल तर आरपीएम २५०० वर धरून ठेवल्यावर व्हॅक्यूम हळूहळू घसरत जातो, तर कॅमच्या बाबतीत त्याच आरपीएमवर तो सुधारून स्थिर होतो.

फ्युएल ट्रिमवर, म्हणजे ईसीयू (इंजिनाचा संगणक) पेट्रोलमध्ये करत असलेल्या कमी-जास्त दुरुस्तीवर, मात्र फार विसंबू नये. ओव्हरलॅपमुळे न जळलेला ऑक्सिजन एक्झॉस्टमध्ये जातो, ऑक्सिजन सेन्सर त्याला पातळ मिश्रण समजतो आणि ईसीयू पेट्रोल वाढवतो. हवेच्या गळतीतही आयडलला ट्रिम वाढतो आणि २५०० आरपीएमला सामान्य होतो. याउलट, मॅनिफोल्ड दाबावरून पेट्रोल ठरवणाऱ्या गाडीत कॅम बदलूनही ईसीयू जुळवलेला नसेल, तर वाढलेला दाब पाहून ईसीयू मुळातच जास्त पेट्रोल सोडतो आणि ट्रिम उणे दिसू शकतो. एकाच कारणातून दोन विरुद्ध आकडे येत असतील तर त्या आकड्याला पुरावा म्हणणे योग्य नाही.

ज्या इंजिनांत व्हॉल्व्ह टायमिंग तेलाच्या दाबाने बदलते, म्हणजे व्हीव्हीटी असते, तिथे एक वेगळी तपासणी आधी करणे आवश्यक आहे. इंटेक कॅमचा फेझर (कॅमला पुढे-मागे वळवणारा भाग) किंवा त्याचा तेल नियंत्रक व्हॉल्व्ह कचऱ्यामुळे अडकला, तर कॅम आयडललाही पुढे ढकललेल्या स्थितीत राहतो, ओव्हरलॅप वाढतो आणि इंजिन हुबेहूब परफॉर्मन्स कॅम असल्यासारखे वागते. स्कॅनरवर कॅमचा अपेक्षित कोन आणि प्रत्यक्ष कोन शेजारी ठेवून पाहावा. आयडलला अपेक्षित कोन शून्याच्या आसपास असताना प्रत्यक्ष कोन १५ किंवा २० अंश दिसत असेल, तर दोष फेझरच्या मार्गात आहे आणि बहुधा इंजिन ऑइलची अवस्था पाहिल्यावर कारणही समजेल.

आणखी एक फसवी शक्यता अलीकडे वाढली आहे. ईसीयूमध्ये केवळ आयडलचे इग्निशन टायमिंग, आणि काही इंजिनांत व्हीव्हीटीचे कोन, बदलून परफॉर्मन्स कॅमसारखी धडधड मुद्दाम निर्माण केली जाते. आत कॅमशाफ्ट कंपनीचेच असतात, बदललेले असते ते फक्त सॉफ्टवेअर. स्कॅनरने ईसीयूचा कॅलिब्रेशन क्रमांक वाचून तो त्या मॉडेलच्या मूळ क्रमांकाशी जुळतो का ते पाहावे. जुळत नसेल तर सॉफ्टवेअर बदलले आहे, एवढेच ठरते; कॅम बदलला की नाही, हे त्यातून कळत नाही. शंका असेल तर मूळ सॉफ्टवेअर परत घालून फरक पाहता येतो, मात्र आत खरोखर मोठा कॅम असला तर मूळ सॉफ्टवेअरवर इंजिन आयडलला बंदही पडू शकते, आणि ते बंद पडणे हीदेखील एक माहितीच आहे.

यापुढची तपासणी मला सर्वांत बोलकी वाटते: कॉम्प्रेशन (स्टार्टरने फिरवताना सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) आणि लीकडाउन (सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून किती गळते ते पाहणे) या दोन चाचण्या एकत्र करणे. लांब ड्युरेशनच्या कॅममध्ये इंटेक व्हॉल्व्ह पिस्टन वर निघाल्यानंतरही बराच वेळ उघडा असतो, त्यामुळे स्टार्टरच्या मंद वेगावर सिलिंडरमधील काही हवा परत मॅनिफोल्डमध्ये जाते आणि कॉम्प्रेशनचा आकडा कमी येतो. इंजिन गरम, बॅटरी पूर्ण भारलेली, सर्व प्लग काढलेले, इंधनपुरवठा आणि इग्निशन बंद केलेले आणि थ्रॉटल पूर्ण उघडा, अशा स्थितीत मोजमाप घ्यावे. सर्व सिलिंडरांत आकडा सारखाच कमी असेल आणि लीकडाउनमध्ये गळती १० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी असेल, तर रिंग व व्हॉल्व्ह निरोगी आहेत आणि प्रश्न व्हॉल्व्ह केव्हा बंद होतो याचा आहे. आता फक्त दोन उत्तरे उरतात: कॅमचा आकार वेगळा आहे, किंवा कॅम बरोबर असून त्याचे टायमिंग चुकले आहे. या दोघांतील भेद आवाजाने, व्हॅक्यूमने किंवा कॉम्प्रेशनने होत नाही. त्यासाठी टॅपेट कव्हर उघडावेच लागते.

कव्हर उघडल्यावर डोळ्यांना काय दिसते

काही इंजिनांत ऑइल भरण्याच्या झाकणातूनच एखादा लोब दिसतो, आणि लहान कॅमेरा आत सोडला तर कॅमवरील खुणाही वाचता येतात. ते आधी करून पाहावे. कव्हर काढल्यावर पहिली नजर कॅमशाफ्टच्या दोन्ही टोकांकडे आणि जर्नलच्या (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागाच्या) शेजारच्या जागेकडे जावी. परफॉर्मन्स कॅम बनवणारे बहुधा टोकावर आपला क्रमांक कोरतात किंवा ठोकतात, आणि त्या क्रमांकात ग्राइंडचा, म्हणजे लोब कोणत्या आकारात घासला आहे याचा, निर्देश असतो. इथे गल्लत होते ती ओतीव क्रमांकामुळे. लोबच्या मधल्या खडबडीत भागावर उठून दिसणारी अक्षरे आणि आकडे पुष्कळदा कच्च्या ओतकामाची असतात. एकाच ओतकामातून मूळचा कॅमही घासला जातो आणि परफॉर्मन्स कॅमही. म्हणून उठावाच्या आकड्यांना महत्त्व देऊ नये, कोरलेल्या किंवा ठोकलेल्या आकड्यांना द्यावे.

पृष्ठभागही काही सांगतो. ओतीव लोखंडाच्या कॅममध्ये लोबमधील भाग खडबडीत असतो, तर अखंड पोलादातून कातलेल्या कॅममध्ये तो सर्वत्र यंत्रावर गुळगुळीत केलेला दिसतो. मूळच्या जागी कंपनीने ओतीव कॅम दिलेला असेल आणि आत कातीव दिसत असेल, तर बदल झाला आहे हे जवळजवळ निश्चित. मात्र अनेक आधुनिक इंजिनांत कंपनीच पोकळ नळीवर वेगवेगळे लोब दाबून बसवते, त्यामुळे तुलना नेहमी त्याच इंजिनाच्या मूळ भागाशी करावी, मनातल्या सर्वसाधारण चित्राशी नव्हे.

कॅमच्या सोबतीला आलेले भाग पुष्कळदा कॅमपेक्षा लवकर ओळखू येतात. जास्त लिफ्टसाठी आणि वरच्या आरपीएमसाठी कडक स्प्रिंग लागतात. एकेरी स्प्रिंगच्या जागी दुहेरी स्प्रिंग, वर निमुळती होत गेलेली स्प्रिंग, किंवा टायटॅनियमचे राखाडी, मंद झाक असलेले रिटेनर (स्प्रिंगच्या वरच्या टोकाच्या टोप्या) दिसले तर ते कंपनीचे असण्याची शक्यता कमी. लोब आणि व्हॉल्व्ह यांमधली फट तेलाने आपोआप भरणाऱ्या हायड्रॉलिक टॅपेटच्या जागी सॉलिड टॅपेट आणि ती फट जुळवणाऱ्या चकत्या, म्हणजे शिम, असणे हाही मजबूत संकेत आहे. कॅमच्या गिअरवर लांबट खाचा, चार-पाच बोल्ट आणि अंशांची पट्टी असेल, तर तो जुळवता येणारा गिअर असून कोणीतरी कॅमचे टायमिंग हाताने ठरवले आहे. स्प्रिंगवरील रंगाच्या रेषांना मात्र पुरावा मानू नये, कारण कारखान्यातही वर्गवारीसाठी रंग लावतात.

सर्वांत अवघड ओळख रीग्राइंड केलेल्या कॅमची असते. यात कंपनीचाच कॅम घेऊन त्याचे बेस सर्कल घासून लहान करतात, म्हणजे शिखराची उंची जवळजवळ तेवढीच राहूनही लिफ्ट वाढते. टोकावरचा क्रमांक कंपनीचाच असतो, ओतकाम कंपनीचेच असते, स्प्रिंगही कधी कधी त्याच असतात. अशा वेळी शिम पाहावेत: बेस सर्कल लहान झाल्यामुळे टॅपेट क्लिअरन्स, म्हणजे ही फट, भरून काढायला नेहमीपेक्षा जाड शिम लागलेले असतात, किंवा रॉकरचे (लोबची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत नेणाऱ्या तरफेचे) ॲडजस्टर स्क्रू नेहमीपेक्षा जास्त बाहेर आलेले असतात. सगळेच शिम कंपनीच्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला किंवा त्याहून जाड असतील, तर रीग्राइंडची शंका पक्की धरून मोजमापाकडे वळावे.

निर्णय देणारे मोजमाप

साहित्य थोडे लागते: मॅग्नेटिक स्टँडवरचा डायल गेज, क्रँकच्या पुलीवर बसणारे, अंशांच्या खुणांचे डिग्री व्हील, तारेचा एक काटा आणि प्लगच्या छिद्रातून बसणारा पिस्टन स्टॉप. पिस्टन वरच्या टोकाजवळ काही अंश जवळजवळ स्थिर असतो, त्यामुळे स्क्रूड्रायव्हर आत घालून अंदाजाने शोधलेले टीडीसी (पिस्टनचे सर्वांत वरचे स्थान) सहज तीन-चार अंशांनी चुकते. पिस्टन स्टॉप बसवून क्रँक हळू एका दिशेने टेकेपर्यंत फिरवावा, आकडा लिहावा, मग दुसऱ्या दिशेने टेकेपर्यंत फिरवावा आणि दोन आकड्यांच्या बरोबर मध्यावर टीडीसी निश्चित करावे. त्यानंतर स्टॉप काढून टाकावा, आणि पुढचे सगळे मोजमाप क्रँक त्याच्या नेहमीच्या दिशेनेच फिरवत घ्यावे. मागे फिरवल्यास चेन किंवा बेल्टचा सैलपणा आकड्यात घुसतो.

डायल गेजचे टोक पहिल्या सिलिंडरच्या इंटेक टॅपेटवर किंवा रिटेनरवर, व्हॉल्व्हच्या हालचालीच्या रेषेत टेकवावे. टोक तिरके बसले तर आकडा चुकतो. क्रँकच्या दोन पूर्ण फेऱ्यांत गेज दाखवेल ती सर्वाधिक हालचाल म्हणजे लिफ्ट. रॉकर असलेल्या इंजिनात व्हॉल्व्हवरची लिफ्ट म्हणजे लोबची लिफ्ट गुणिले रॉकरचे गुणोत्तर, आणि सॉलिड टॅपेट असेल तर त्यातून क्लिअरन्स वजा होते. सर्व्हिस मॅन्युअलमधील आकडा या दोहोंपैकी कोणता आहे, हे तुलनेपूर्वी पाहून घ्यावे. हायड्रॉलिक टॅपेट स्प्रिंगच्या दाबाखाली हळूहळू बसतो आणि लिफ्ट खरीपेक्षा कमी दाखवतो, त्यामुळे तिथे गेज शक्यतो थेट लोबवर लावावा.

मायक्रोमीटरने लोबची उंची आणि रुंदी मोजून वजाबाकी करणे सोपे वाटते, आणि कॅम बाहेर असेल तर बरेच जण तेच करतात. लांब ड्युरेशनच्या लोबमध्ये मात्र रुंदीची ती रेषा बेस सर्कलवर न पडता उताराच्या सुरुवातीवर पडू शकते. मग रुंदी जास्त येते आणि लिफ्ट कमी निघते, म्हणजे नेमक्या ज्या कॅमची शंका आहे त्याच कॅमच्या बाबतीत ही पद्धत चुकते.

आता कोन मोजावेत. व्हॉल्व्ह १ मिलिमीटर उघडला की डिग्री व्हीलवरचा आकडा लिहावा, बंद होताना १ मिलिमीटर उरला की पुन्हा लिहावा. समजा, इंटेक टीडीसीच्या १२ अंश आधी उघडला आणि बीडीसीनंतर (पिस्टनच्या सर्वांत खालच्या स्थानानंतर) ४८ अंशांनी बंद झाला. तर ड्युरेशन १२ अधिक १८० अधिक ४८, म्हणजे २४० अंश. त्याच्या निम्मे १२०, त्यातून १२ वजा केल्यावर शिखराचा मध्य टीडीसीनंतर १०८ अंशांवर येतो. एक्झॉस्ट बीडीसीच्या ५४ अंश आधी उघडून टीडीसीनंतर १० अंशांनी बंद होत असेल, तर त्याचे ड्युरेशन २४४ अंश आणि मध्य टीडीसीच्या ११२ अंश आधी. दोन मध्यांची सरासरी ११० अंश हा शिखरांमधील कोन, आणि १२ अधिक १० म्हणजे २२ अंश हा १ मिलिमीटरवरील ओव्हरलॅप.

हे आकडे मॅन्युअलशी जुळवताना उंची तीच आहे ना, हे तपासणे अत्यंत महत्त्वाचे आहे. परफॉर्मन्स कॅमच्या तक्त्यांत ड्युरेशन पुष्कळदा १.२७ मिलिमीटरवर, म्हणजे ०.०५० इंचावर दिलेले असते. काही निर्माते ते १ मिलिमीटरवर देतात, आणि जाहिरातीतला मोठा आकडा व्हॉल्व्ह जेमतेम हलू लागल्यापासून मोजलेला असतो. एकाच कॅमचे हे तीन आकडे एकमेकांपासून कितीतरी अंशांनी वेगळे असतात, आणि वेगवेगळ्या उंचीवरचे आकडे शेजारी ठेवले तर मूळ कॅमही बदललेला वाटेल.

सरकलेला बेल्ट आणि बदललेला कॅम यांतला भेद इथे स्वच्छ होतो. बेल्ट सरकला तरी लोबचा आकार बदलत नाही, म्हणून लिफ्ट आणि ड्युरेशन मॅन्युअलप्रमाणेच राहतात, फक्त उघडण्याचा आणि बंद होण्याचा क्षण एकाच दिशेने, सारख्याच अंशांनी हलतो. क्रँकच्या गिअरला २० दात असतील तर एक दात म्हणजे क्रँकचे १८ अंश. एका जुन्या, दोन कॅमच्या चार सिलिंडर इंजिनावर मी नेमका हाच अनुभव घेतला. आत मोठे कॅम आहेत असे ती गाडी देणाऱ्याने सांगितले होते. व्हॅक्यूम १४ इंच, कॉम्प्रेशन चारही सिलिंडरांत सारखेच कमी, लीकडाउन उत्तम, खाली गाडी मरगळलेली आणि वर बरी. सगळी लक्षणे त्याच्या म्हणण्याशी जुळत होती, म्हणून दोन दिवस मी आयडल जुळवण्यात घालवले. शेवटी डिग्री व्हील लावले तेव्हा दोन्ही कॅमची लिफ्ट आणि ड्युरेशन मॅन्युअलप्रमाणे निघाली आणि उघडण्या-बंद होण्याचे चारही क्षण सुमारे १८ अंशांनी उशिरा निघाले. बेल्ट क्रँकच्या गिअरवर एक दात सरकलेला होता. तेव्हापासून तोंडी माहितीवर मी कोणत्याही इंजिनाचा कॅम ठरवत नाही.

व्हीव्हीटी असलेल्या इंजिनात फेझर आपल्या मूळ जागी लॉक झालेला नसेल तर उघडण्याचे कोन भरवशाचे राहत नाहीत, परंतु लिफ्ट आणि ड्युरेशन त्याच्यावर अवलंबून नसतात. तिथे या दोनच आकड्यांवर निर्णय घ्यावा. हाताने घेतलेल्या मोजमापात लिफ्टमध्ये ०.१ मिलिमीटरची आणि कोनात दोन अंशांची चूक मी गृहीत धरतो. लिफ्ट मॅन्युअलपेक्षा अर्ध्या मिलिमीटरने किंवा अधिक जास्त असेल आणि ड्युरेशनही दहा अंशांनी वाढलेले असेल, तर कॅम बदलला आहे असे मी निःशंक लिहून देईन. फक्त एकाच लोबवर मोजून थांबू नये. झिजलेल्या परफॉर्मन्स लोबची लिफ्ट मूळ कॅमइतकी भरू शकते. सर्व लोब मोजल्यावर असा एखादा घसरलेला लगेच वेगळा पडतो.

जिथे कंपनीचाच कॅम परका वाटतो

होंडाने १९८९ मध्ये इंटिग्रा गाडीत आणलेल्या व्हीटेक इंजिनात दोन व्हॉल्व्हसाठी तीन लोब असतात आणि मधला लोब उंच असतो. पहिल्यांदा कव्हर उघडणाऱ्याला तो उंच लोब नंतर बसवलेला वाटतो, पण तो कारखान्यातलाच असतो. तुलना करताना त्याला त्याच्याच आकड्याशी जोडावे. बीएमडब्ल्यूच्या व्हॉल्व्हट्रॉनिक इंजिनांत लिफ्ट चालता चालता बदलते आणि हवा मुख्यतः व्हॉल्व्हच नियंत्रित करतात, त्यामुळे आयडलला मॅनिफोल्डमध्ये फारसा व्हॅक्यूम नसणे हेच तिथे सामान्य आहे, आणि व्हॅक्यूमची वरची तपासणी त्या इंजिनांना लागू होत नाही. टोयोटाच्या प्रियससारख्या हायब्रिड गाड्यांमध्ये ॲटकिन्सन पद्धतीसाठी इंटेक व्हॉल्व्ह मुद्दाम उशिरा बंद होतो; तिथे कमी क्रँकिंग कॉम्प्रेशन आणि लांब इंटेक ड्युरेशन हे इंधनबचतीसाठी आहे.

कॅम बदललेला निघाला तर

सर्वप्रथम मोजलेले सर्व आकडे, कोरलेला क्रमांक, शिमची जाडी आणि स्प्रिंगचा प्रकार कागदावर लिहून गाडीच्या कागदपत्रांत ठेवावा, कारण पुढच्या प्रत्येक कामात ते लागतील. त्या क्रमांकावरून निर्मात्याचे कॅम कार्ड, म्हणजे त्या कॅमच्या आकड्यांचा तक्ता, मिळाले तर टॅपेट क्लिअरन्स त्यावरूनच घ्यावा. कंपनीच्या मॅन्युअलमधील क्लिअरन्स आता लागू नाही. टायमिंग बेल्ट बदलताना, जुळवता येणारे गिअर असतील तर काढण्यापूर्वी त्यांची स्थिती खुणावून ठेवावी आणि नवा बेल्ट बसवल्यावर क्रँक हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवून कुठे अडकत नाही ना, हे पाहावे. व्हॉल्व्ह स्प्रिंग तुटली तर तिच्या जागी कंपनीची स्प्रिंग घालू नये. जास्त लिफ्टला तिचे वेढे एकमेकांना टेकू शकतात.

थरथर कमी करायची असेल तर त्या कॅमला साजेसे आयडल आणि इंधनाचे नकाशे ईसीयूत बसवून घ्यावेत, आणि आयडलचा आरपीएम थोडा वाढवावा. प्लग, कॉइल आणि इंजेक्टर बदलून ती जाणार नाही. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या ब्रेक बूस्टरकडेही त्याच दिवशी लक्ष द्यावे. इंजिन आयडलवर ठेवून ब्रेक पेडल लागोपाठ तीन-चार वेळा दाबावे, आणि ते दर वेळी अधिक कडक होत गेले तर बूस्टरला पुरेसा व्हॅक्यूम मिळत नाही असे समजून, इतर कोणत्याही कामाच्या आधी व्हॅक्यूम साठवणारी टाकी किंवा स्वतंत्र व्हॅक्यूम पंप बसवून घ्यावा.